मानाजीचं नाव आणि पंचकल्याणी घोडी

सन १९४१. माझं वय तेवीस. गळा असा की निजामाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावच्या बाजारात एका टोकाला उभा राहून गायलो तर दुसऱ्या टोकाचा बैल कान टवकारायचा. ही माझी फुशारकी नव्हे, बैलवाल्यांनीच मला तसं सांगितलं होतं.

या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले तेव्हा म्हणाले, "बाबा, जन्मापासून लिहा. कुठं जन्मला, काय शिकला, सत्कार कुठकुठं झाले." मी म्हटलं, जन्मलो ते मला आठवत नाही, शिकलो दोन यत्ता, त्याही उर्दूतल्या, अन् सत्काराच्या शालींची सुनांनी लेकरांना दुपटी केली. मी माझ्या धंद्याचं लिहीन, तेही मला वाटंल तेवढंच. पटलं तर छापा. आता तुमी हे वाचून राहिलात म्हणजे त्यांना पटलं असं धरतो.

माझा धंदा शाहिराचा. आजकाल शाहीर म्हटलं की लोकांना समारंभातला फेटेवाला आठवतो. आमच्या वेळचा शाहीर म्हणजे तीन माणसं. पुढं डफ घेऊन गाणारा. मागं तुणतुणंवाला, त्यानं सूर धरून ठेवायचा. बाजूला झीलकरी. गाणाऱ्याची ओळ संपली की झीलकऱ्यानं शेवटचे शब्द उचलून ‘जी जी र जी’ म्हणायचं, अन् तेवढ्यात गाणाऱ्यानं श्वास घ्यायचा. लोकांना वाटतं झीलकरी शोभेला उभा असतो. अहो, तो नसला तर दहाव्या ओळीला शाहीर खाली बसंल.

डफ बकऱ्याच्या कातड्याचा. ढगाळ हवेत तो ढिला पडतो, भिजल्या गोधडीसारखा बोलतो. मग दोन मुठी कडबा पेटवून त्यावर शेकायचा. किती शेकायचा ते बोटाला कळतं. कमी शेकला तर आवाज बसतो, जास्त शेकला तर कातडं फाटतं अन् बाजार बुडतो.

आमी गायचो जुन्या स्वारांच्या कथा. किल्लेदारानं ताटात विडा ठेवायचा अन् विचारायचं, हे काम कोण करतो. जो विडा उचलंल त्यानं शब्द दिला. पुढं वाटेत त्याला नाना मोह. अन् शेवटी त्याचा मान राहिला का गेला, एवढंच. घोडे, तलवारी, रक्ताचे पाट हे सगळं भरीला. शब्द, मोह अन् मान, या तीन खुंट्यांवर आमची झोपडी उभी होती.

माझे उस्ताद हुसेनभाई. जातीनं मुसलमान, पण गणपतीचा गण म्हटल्याबिगर डफाला बोट लावत नसत. त्यांच्या पाठी मी आठ वर्षं हिंडलो. त्यांना लिहिता येत नव्हतं, मला येत असून नसल्यासारखं. सगळी कथा तोंडातून कानात. पहिल्या दिवशी त्यांनी माझा हात डफावर ठेवला अन् शपथ घातली.

"कोंड्या, कथेत मेला त्याला जगवायचं न्हाई. जगला त्याला मारायचं न्हाई. अन् नाव गाळायचं न्हाई. ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायचं, चांगलं केलं तरी अन् वाईट केलं तरी. मेलेल्या माणसाला तोंड न्हाई, आपुन त्याचं तोंड. बराबर?"

"बराबर," मी म्हटलं. पंधरा वर्षांच्या पोराला काय, काहीही बराबरच असतं.

चुकीला शिक्षा ठरलेली होती. कथेत चूक झाली की शाहिरानं डफ जमिनीवर ठेवायचा, लोकांसमोर दोन्ही कान धरायचे अन् गणापासून परत सुरू करायचं. पुढं ढकलून न्यायचं नाही. औंढ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत माझ्या तोंडून काळ्या घोडीची पांढरी घोडी झाली. कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. मागून उस्ताद म्हणाले, "रंग." बास, एवढंच. मी डफ ठेवला, कान धरले, परत गण. लोक हसले ते हसले, पण एक म्हातारा मला म्हणाला, "बेटा, आता तुझं बाकीचं सगळं खरं वाटून राहिलं." त्या दिवशी मला या शिक्षेचा उपयोग कळला.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. औंढ्याला एक पेढेवाले शेटजी होते. बिरोजी स्वाराची कथा ऐकून दर जत्रेला ढसाढसा रडायचे. एका साली उस्तादांच्या हाताला धरून म्हणाले, "हुसेनभाई, औंदा त्याला मारू नका. अख्खी परात देतो पेढ्यांची."

उस्ताद म्हणाले, "शेटजी, परात राहू द्या. तो मरणारच हाय."

शेटजी रडत रडत दुकानात गेले अन् कथा झाल्यावर पेढे घेऊन परत आले. तेव्हा मात्र उस्तादांनी खाल्ले.

दुसरे पोलिसांतले एक अमीनसाहेब. सरकार निजामाचं. कथेत सरकारच्या विरुद्ध काही आहे का ते बघायचा त्यांना हुकूम होता. त्यांनी आमाला ठाण्याच्या आवारात उभं केलं अन् सगळी कथा म्हणायला लावली. निम्म्यात त्यांना बोलावणं आलं म्हणून उठून गेले. पुढल्या बाजारी घोड्यावरून उतरले ते थेट आमच्यापाशी. आमी घाबरलो. त्यांनी हळूच विचारलं, "वो नदी पे पहुंचा था... आगे क्या हुआ?" त्यांच्यापुरती उरलेली कथा आमी परत म्हटली. सरकारच्या विरुद्ध काही निघालं का ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अन् वारंग्याचे गाडीवान. त्यांना बिरोजीचं मरण नको असायचं, लढाई नको असायची. झऱ्यावरची बाई पाहिजे. बिरोजी खलिता घेऊन जाताना झऱ्यावर एक देखणी बाई भेटते, म्हणते, राहा इथंच, घर आहे, शेत आहे, मी आहे, कुणासाठी मरतोस. गाडीवान ओरडायचे, "शाहीर, तिला जाऊ देऊ नका एवढ्यात!" मला लाज वाटायची, मी ती कडवी उरकून टाकायचो. एकदा उस्तादांनी झापलं.

"काहून पळतोस तिथून? मोह गोड गायचा. असा गायचा की ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, मी असतो तर राहिलो असतो. मोह कडू असता तर त्यात बिरोजीचं मोठेपण काय?"

हे मी ध्यानात ठेवलं. म्हणून पुढं जी घोडी येणार आहे तीही मी गोड करूनच सांगणार आहे.

आता बिरोजीची कथा थोडक्यात सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. किल्ल्याला वेढा पडला. मदत मागायचा खलिता बाहेर न्यायला किल्लेदारानं विडा मांडला. सात सरदारांनी माना खाली घातल्या. घोड्यांना चारा घालणाऱ्या बिरोजी धनगरानं विडा उचलला. काळ्या घोडीवर बसून निघाला. शत्रूनं वाटेत सरदारकी देऊ केली, घेतली नाही. झऱ्यावरच्या बाईनं घर देऊ केलं, राहिला नाही. तिसऱ्या दिवशी कयाधू नदी दुथडी भरलेली. काठावर धारखेड्याची गढी. तिथल्या मानाजी देशमुखानं बेलाचं पान हातात घेऊन, भंडारा माथी लावून आण घेतली, की माझ्या घरात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. बिरोजी विश्वासानं झोपला. पहाटे मानाजीनं त्याला शत्रूच्या हवाली केलं. बिरोजी मेला. पण खलिता होता घोडीच्या खोगिराखाली. घोडी दावं तोडून कयाधूत शिरली, पोहून गेली, खलिता पोचला. तो शब्द घोडीनं पाळला अन् माणसानं मोडला. पुढं मानाजीला झोप येईना. त्यानं पागोटं काढलं, पायताण काढलं अन् बिरोजीच्या बापाच्या मेंढवाड्यावर अनवाणी चालत गेला. दिवस दसऱ्याचा होता. त्यानं आपट्याचं पहिलं पान त्या म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं.

कथा इथं संपते, पण धारखेड्यात ती संपलेली नव्हती. दर दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी नदीकाठच्या मैदानात शाहिरानं ही कथा गायची. झाली की गढीच्या देशमुखानं जोडे काढून धनगरांच्या मेंढवाड्यावर जायचं अन् पहिलं सोनं त्यांच्या कारभाऱ्याला द्यायचं. कारभाऱ्यानं घोंगडीवरून उठायचं नाही. बसूनच घ्यायचं. मग बाकीच्या गावानं सोनं लुटायचं. किती पिढ्या हे चाललं होतं कुणाला ठाऊक.

त्या साली उस्तादांचा गळा बसला होता. ते तुणतुण्यावर गेले अन् धारखेड्याच्या दसऱ्याला पहिल्यांदा डफ माझ्या हातात आला. अन् त्यांचे गुडघेही गेले होते. दोन शेतं ओलांडली की बसायचे. मी अन् झीलकरी ग्यानबा, माझा चुलतभाऊ, त्यांना मधी घेऊन बाजार करायचो. सकाळी पोचायचो तिथं दुपारी पोचायला लागलो.

दसऱ्याला पाच दिवस होते. देशमुखांनी मला एकट्याला गढीवर बोलावलं. आनंदराव देशमुख तिशीचे होते, हैदराबादेला शिकलेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी मला तबेल्यापाशी नेलं. तिथं एक घोडी उभी होती. चारी पाय गुडघ्याखाली पांढरे, कपाळावर पांढरा टिळा, बाकी अंग तांबूस, पिकल्या बोरासारखं. पंचकल्याणी. माझ्या खांद्यावर तिनं तोंड ठेवलं अन् फुर्र केलं. तिचा श्वास मला मानेवर लागला. असं जनावर मी कथेतच पाहिलं होतं.

"शाहीर," आनंदराव म्हणाले, "औंदा दसऱ्याला परभणीकडचे पाहुणे येणार आहेत. आमच्या शकूला बघायला." शकू म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

"चांगलं हाय की, मालक."

"वडील गेल्यापासून तीन वर्षं मी मेंढवाड्यावर जातो. जोडे काढून जातो. कधी कुरकुर केली?"

"न्हाई."

"गावासमोर जाणं वेगळं, सोयऱ्यांसमोर वेगळं. ते म्हणतील, दगाबाजाचं घर. माझ्या आज्याच्या आज्यानं केलं ते त्या पोरीच्या कपाळी काहून?" ते थोडे थांबले. "कथा गा. मरण गा. फक्त मानाजी धारखेडकर हे नाव घेऊ नको. कुण्या एका गढीचा देशमुख म्हण. नाव आलं न्हाई म्हणजे मला उठून जावं लागणार न्हाई. म्हाळबाचं सोनं मी दुसऱ्या दिवशी गड्याच्या हाती पाठवीन."

म्हाळबा म्हणजे धनगरांचा कारभारी, बिरोजीच्या वंशातला.

"एक नाव तर हाय, शाहीर," ते म्हणाले अन् घोडीचं दावं माझ्या हातात दिलं. "तुझ्या उस्तादांना चालवत न्हाई असं ऐकतो."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर मी दावं टाकून आलो असतो. निदान आज तरी मला तसं वाटतं. खरं काय ते ती घोडी जाणे. मी दावं धरून गढीच्या खाली उतरलो, अन् उतरताना माझ्या पायांना खडे लागले नाहीत.

उस्तादांनी विचारलं, "काहून दिली?"

"गळा आवडला म्हणे."

"तुझा गळा मला बी आवडतो. पण मी तुला शेळी बी दिली नसती." त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. "मागितलं काय?"

"काही न्हाई."

आठ वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. त्याचं दुःख मला आजही आहे, अन् दुसरंही आहे. ते म्हणजे पुढचे चार दिवस उस्ताद किती खुशीत होते. घोडीवर बसून ओळखीच्या प्रत्येकाला सलाम घालत होते. अनोळख्यालाही घालत होते. गोरेगावात एका विहिरीवरच्या बायांनी विचारलं, "हे कोण नवाब?" तर ग्यानबा म्हणाला, "तुणतुण्याचे." उस्ताद एवढे हसले की घोडी बावरली.

ग्यानबाला मात्र मला सांगावं लागलं. एरवी झीलकरी शेवटचेच शब्द उचलतो, पण इमानाची ती ओळ नावासकट सगळी उचलायची रीत; मी नाव गाळलं अन् त्यानं सवयीनं घेतलं तर सगळं मुसळ केरात. त्यानं एवढंच विचारलं, "उस्तादांना?"

"त्यांना कशाला? ते वाजवतील."

दसरा आला. मैदान भरलं. एका बाजूला गढीची माणसं, मधी परभणीकडचे पाहुणे, त्यांतले वडीलधारे जाड मिशांचे, हातात काठी. बायकांत शकू, मान खाली. दुसऱ्या बाजूला लिंबाखाली म्हाळबा घोंगडी टाकून बसलेला, अंगावर धुतलेलं धोतर. मला बघून म्हणाला, "शाहीर, औंदा घोडीवरून आलात म्हणं."

"उस्तादांसाठी," मी म्हटलं.

"बेस केलं. आमचा बिरोजी बी खूश होईल. घोडीवाला होता."

मी गण म्हटला. कथा धरली. अन् खरं सांगतो, तसा मी कधी गायलो नव्हतो. विड्याच्या कडव्याला पाहुण्यांनी काठी आपटली.

सात सरदार बसले दरबारी, खाली घालून मान,
बिरोजीनं विडा उचलला, गहाण टाकला प्राण, जी जी र जी!

झऱ्यावरची बाई मी अशी गायलो की पोरं पुढं सरकली. मग कयाधू. मग गढी. मूळ ओळी अशा आहेत:

बेल हाती, भंडार माथी, पाहुण्याला दिली आण,
मानाजी धारखेडकरा, तू विकलंस इमान, जी जी र जी!

मी गायलो, "कुण्या गढीच्या देशमुखा, तू विकलंस इमान." ग्यानबानं झील घेतली, खालच्या आवाजात. अन् मागचं तुणतुणं थांबलं.

लोकांना कळलंही नसंल. पण गाणाऱ्याला तुणतुणं थांबलं म्हणजे पायाखालची फळी काढल्यासारखं होतं. मी मागं पाहिलं. उस्तादांनी मला ‘नाव’ असंसुद्धा म्हटलं नाही. रंग चुकला तेव्हा म्हणाले होते, कारण ती चूक होती. त्यांनी उभ्या घोडीकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं एकदा. तुणतुणं काखेत मारलं, अन् गुडघ्यावर हात ठेवत ठेवत मैदानाच्या बाहेर चालायला लागले. घोडीवर बसले नाहीत.

मी दोन ओळी तशाच ओढल्या. तेवढ्यात लिंबाखालून म्हाळबा बोलला. ओरडला नाही, साधं विचारल्यासारखं.

"शाहीर, आमच्या माणसाला धरून दिलं कुणी, ते सांगायचं राहिलं."

आनंदराव माझ्याकडं बघत होते. त्यांची नजर रागाची नव्हती, विनवणीची होती. बायकांत शकूनं मान वर केली होती. मला वाटलं, एक नाव तर आहे. मग वाटलं, बिरोजीकडंही एक खलिताच तर होता.

मी डफ जमिनीवर ठेवला. दोन्ही कान धरले.

"चूक झाली, मायबाप. परत म्हणतो."

"कुठून?" कुणीतरी ओरडलं.

"गणापासून."

"आरं देवा!" दुसरा कुणी म्हणाला, अन् खाली बसला. कुणीच उठून गेलं नाही. आनंदरावांनाही उठता आलं असतं, पण तेही बसून राहिले. हे त्यांच्या मोठेपणात धरा.

परत गण, परत विडा, परत झरा. तुणतुणं नसल्यामुळं सूर इकडंतिकडं होत होता, ग्यानबा घाम पुसत झील ओढत होता. गळा चिरत आला होता. गढी आली. बेल आला, भंडार आला. मी छाती भरली अन् म्हटलं, "मानाजी धारखेडकरा..." अन् नावासरशी मागून तुणतुणं वाजलं. बराबर सुरात.

उस्ताद लांब गेलेच नव्हते. गुडघ्यांनी जाऊ दिलं नव्हतं. एका धोंड्यावर बसून सगळं ऐकत होते, अन् नावाच्या बेताला माघारी येऊन उभे राहिले. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढची ओळ निघाली नसती.

कथा संपली तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. सगळं मैदान आनंदरावांकडं बघून राहिलं. पाहुण्यांनी विचारलं, "हे मानाजी तुमचे कोण?"

"मूळपुरुष," आनंदराव म्हणाले.

"अन् हे दरसाल गातात? तुमच्याच दारात?"

"दरसाल. अन् मी आता जोडे काढून त्या मेंढवाड्याच्या माणसांकडं जाणार. तुमाला बघवत नसलं तर गाडी जुंपायला सांगतो."

पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "आनंदराव, आमच्या घराण्यात असे तिघं झाले. आमचं नशीब, आमच्या गावात शाहीर न्हाई." अन् वाकून स्वतःच्या वहाणांचे अंगठे मोकळे करायला लागले.

दोघं अनवाणी निघाले, मागं गाव. म्हाळबा घोंगडीवर बसलेलाच. आनंदरावांनी पान पुढं केलं, त्यानं बसूनच घेतलं, कपाळाला लावलं. मग विचारलं, "हे कोण?"

"पाहुणे आहेत, परभणीकडचे."

म्हाळबा घोंगडीच्या कडेला सरकला. "बसा पाव्हणं. भिऊ नका. आमच्यात पाव्हण्याला धरून देत न्हाईत."

पहिले हसले ते आनंदराव. मग जे हसणं सुटलं ते नदीच्या पल्याड ऐकू गेलं असंल.

शकूचं लगीन पुढल्या वैशाखात त्याच पाहुण्यांच्या घरात झालं. मांडवात सासऱ्यांनी मला बिरोजीचीच कथा म्हणायला लावली. उस्ताद त्यानंतर पाच वर्षं जगले. १९४८च्या दसऱ्याला निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, दिवस कठीण होते, गावातली निम्मी माणसं पांगलेली होती, पण म्हाळबाची घोंगडी लिंबाखाली पडली होती अन् आनंदराव जोडे काढून आले. तेव्हा ती कथा मी धारखेड्यात शेवटची गायली. नाव घेऊन गायली. त्यानंतर मी लई ठिकाणी गायलो, शाली घेतल्या, पण एकेचाळीसच्या त्या दसऱ्याला दोनदा गायलेल्या कथेएवढं समाधान मला कशात मिळालं नाही. तिच्यातली दुसरी खेप सुरात नव्हती, तरीही.

त्या एकेचाळीसच्या दसऱ्याच्या रात्री देवळाच्या ओसरीवर आमी उतरलो. उस्ताद माझ्याशी बोलले नाहीत. भाकर खाल्ली, पाणी प्याले. अंगावर पांघरूण घेता घेता एकच विचारलं.

"घोडी कुणाची?"

"देशमुखांची," मी म्हटलं.

"बराबर," म्हणाले अन् कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडीला कयाधूवर नेऊन धुतलं, पांढरे पाय घासून लखलखीत केले अन् गढीवर गेलो. आनंदराव पायरीवर दात घासत बसले होते. मी दावं पुढं केलं. त्यांनी चूळ भरली, दावं घेतलं, म्हणाले, "पुढल्या दसऱ्याला या." मी म्हटलं, "येतो." घोडीनं माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं, ते मी हातानं बाजूला केलं. ओसरीवर आलो तर उस्ताद काठी शोधत होते. गोरेगावचा बाजार होता त्या दिवशी. मी डफ पोटाशी बांधला, त्यांच्यापुढं पाठ करून खाली बसलो अन् म्हटलं, "बसा." ते बसले. जड नव्हते. वेशीपाशी एकानं रामराम केला, तर त्यांनी माझ्या खांद्यावरून त्याला सलाम घातला. मी गोरेगावच्या वाटेला लागलो.